वृंदगानात कसं उभं राहावं

वृंदगानात उभं राहताना वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवावं, ही शरदिनीबाईंची पहिली अपेक्षा. एका पायावर रेलून उभा असलेला माणूस कुठल्याही क्षणी निघून जाण्याच्या बेतात असतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी बहुधा घाटावरच्या यजमानांकडे पाहून बनवलं असावं. हात सरळ खाली. नाक खाजलं तर खाजू द्यावं. समोर आई बसली असेल तर तिला ओळखू नये. शेजारचा चक्कर येऊन पडला तर त्याला पडू द्यावं आणि त्याचा स्वर आपण धरावा. कोणी नावानं हाक मारली तर ते नाव आपलं नव्हे. नजर बाईंवर. सभागृहाला आग लागली तरी ती बाईंच्या चेहऱ्यात दिसेल तेवढीच पाहावी. रांगेत बोलायचं नाही. आणि गीत संपल्यावर बाई मान लववेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, कारण तोपर्यंत गीत संपलेलंच नसतं.

आमची शाळा काशीत, रामघाटाच्या वरच्या गल्लीत होती. मराठी शाळा म्हणायचं, कारण पाटीवर तसं लिहिलेलं होतं. मुलं वर्गात मराठी लिहीत, मधल्या सुट्टीत हिंदीत भांडत आणि घरी जेवताना दोन्ही भाषा एकत्र कालवत. स्वातंत्र्य मिळून सतरा-अठरा वर्षं झाली होती आणि देशात सगळीकडे सामूहिक गोष्टींना चांगले दिवस होते. शहरातल्या शाळांची वृंदगानाची स्पर्धा दर माघात होई. शरदिनीबाई तिची तयारी दरवर्षी करत. स्पर्धेत मात्र त्यांचा वृंद आजवर एकदाही गायला नव्हता.

दोष मुलांचा नव्हता. मुलं चांगली गात. अडचण एवढीच होती की वृंदातली निम्म्याहून जास्त मुलं भाटवडेकर होती. भाटवडेकरांचं कुळ रामघाटावर सात पिढ्या नांदत होतं आणि सातही पिढ्यांनी संसार मनापासून केले होते. त्यात सागर, झाशी, ग्वाल्हेर इथले भाटवडेकर म्हातारपणी काशीवासाला येत. काशीवासाला आलेला माणूस शेवटी एकच काम करतो, आणि ते करायला भाटवडेकरांना माघ महिनाच आवडे. कुळात कोणी गेलं की सगळ्यांना दहा दिवस सुतक. सुतकात देवाला शिवायचं नाही, गोडधोड करायचं नाही, मग रंगमंचावर उभं राहून गाणं कुठलं? वृंदातल्या भाटवडेकरांच्या मुंजी झालेल्या होत्या, त्यामुळे लहान म्हणून सुटका नाही. शरदिनीबाई स्वतः त्याच घरची सून.

एका वर्षी झाशीचे आजोबा गेले. पुढच्या वर्षी त्यांच्यामागून आजी गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी कुळात कोणी आजारीसुद्धा नव्हतं म्हणून बाई निर्धास्त होत्या, तर ऐन स्पर्धेच्या सकाळी कुणाला तरी जुळं झालं आणि सोयर आलं.

बातमी आणायचे शिवराम भाटवडेकर. नात्यानं बाईंचे चुलत दीर. घाटावर कुणाला किती दिवसांचं सुतक, हे त्यांना तोंडपाठ असे आणि न विचारता ते सांगत. मृत्यूची वार्ता कानी पडली की आधी अंगावरच्या वस्त्रांनिशी गंगेत बुडी, मग इतरांना निरोप, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे संगीताच्या वर्गाच्या दारात शिवरामभावोजी ओल्या धोतरात उभे दिसले की मुलं आपण होऊन पेटीवर कापड टाकत.

या वर्षाची गोष्ट निराळी होती. उन्हाळ्यात शरदिनीबाई निवृत्त होणार होत्या. यंदा गाणं झालं तर झालं, नाहीतर आपण आयुष्यभर मुलांना नुसतं उभं राहायला शिकवलं, असं त्या मुख्याध्यापक नीलकंठरावांना एकदा म्हणाल्या.

"तेही थोडं नाही, बाई," नीलकंठराव म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

बाईंनी यंदा बंदोबस्त केला. पहिला स्वर धरायला त्यांनी बकुळला निवडलं. बकुळ बँकेत बदलून आलेल्या साहेबांची मुलगी, नागपूरची. भाटवडेकरांशी तिचं लांबचंसुद्धा नातं नव्हतं. कुणी मेलं तरी ती गाऊ शकत होती. मागच्या रांगेत श्रीनिवास भाटवडेकरला घेतलं, कारण त्याच्यासारखा खर्ज कुणाचा नव्हता. फक्त श्रीनिवास पहाटे वेदपाठशाळेत जाऊन मग शाळेत येई. तिथे स्वर चढला की मान वर आणि उतरला की मान खाली, हे त्याच्या हाडात बसवलेलं होतं.

"श्रीनिवास, मान!"

"बाई, मान हलली नाही तर पुढचं याद येत नाही."

"आठवत नाही म्हण. डोळ्यांनी हलव."

"डोळे तुमच्यावर ठेवायचेत ना?"

बाईंनी विचार केला. "पायाचा अंगठा हलव. अंगठ्याबद्दल मी काही बोललेले नाही."

अशी सगळी सोय लागली आणि स्पर्धेच्या आठवड्यातच बिंदुमाधवतात्यांनी अंथरूण धरलं.

तात्या म्हणजे कुळातले सर्वांत वडील. नव्वदीच्या आसपासचे, दशग्रंथी, शास्त्रार्थाला अजून तिखट. ते गेले असते तर नुसतं सुतक लागलं नसतं, अर्धा घाट बसून राहिला असता. बाई रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या समाचाराला जाऊ लागल्या. याआधी त्या सणासुदीला जात.

"तात्या, आज बरं वाटतंय ना?"

तात्यांनी डोळे उघडले. "कधी आहे तुझं गाणं?"

"रविवारी. पण मी त्यासाठी नाही आले."

"हातात काय आहे?"

"खडीसाखर. घशाला बरी."

"मग त्यासाठीच आलीस."

कोपऱ्यात शिवरामभावोजी तात्यांचा काढा गाळत बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, यंदा मुलांना सांगूनच ठेवा. आयत्या वेळी हिरमोड नको."

"शिवराम, मी अजून ऐकतोय," तात्या म्हणाले. मग बाईंकडे वळून, "तुला शास्त्र विचारायचंय ना?"

"नाही हो."

"मग सांगतो. सुतक मरणाला नसतं, कळण्याला असतं. आपला माणूस दूरदेशी गेला आणि इथे कुणाला पत्ता नाही, तर सुतक कुणाला? कुणालाच नाही. कळलं की त्या घटकेपासून. तेव्हा तू रविवारी काही कळून घेऊ नकोस."

"असं अभद्र काय बोलताय, तात्या!"

"अभद्र नाही. मी सोमवारपर्यंत थांबायचं बघतोय. पण माझं काही खरं नाही आणि ह्या शिवरामचं तर मुळीच नाही. हा धावत येईल."

"मी नियमानं वागतो, तात्या," शिवरामभावोजी म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय तिला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जुन्याच नियमांची कडक उजळणी घेतली. नाव घेतलं तरी बघायचं नाही. काका, मामा, आजोबा, कुणीही असो. रविवारी सकाळी घरातून निघाल्यापासून गीत संपेपर्यंत तुम्हाला फक्त माझं ऐकू येतं. मुलांनी माना डोलावल्या आणि मान हलवल्याबद्दल बोलणी खाल्ली. का, हे एकानंही विचारलं नाही. भाटवडेकरांची मुलं होती. सुतकाचं गणित त्यांना पाढ्यांच्या आधी येत असे.

रविवारी उजाडता उजाडता बाई मुलांना घेऊन रामघाटावर उतरल्या. दशाश्वमेधापर्यंत नाव ठरवली होती. गल्ल्यांतून गेलं असतं तर प्रत्येक दारात कुणीतरी काहीतरी सांगितलं असतं. नाव सुटली. धुकं होतं. मुलं तिथेही रांगेनं बसली होती, बाई समोर, मल्लाहाकडे पाठ करून.

भोसले घाट आला आणि मनातल्या मनात उजळणी करणाऱ्या श्रीनिवासचा अंगठा थांबला.

"बाई, शिवरामकाका दौडतायत."

"नजर कुठे आहे?"

"तुमच्यावर."

"मग मी धावतेय का?"

"नाही, बाई."

पण शिवरामभावोजी धावत होते. एका हातानं धोतर आवरत, दुसरा वर करून, पायऱ्यांवरून नावेच्या बरोबरीनं येत होते. धोतर ओलं होतं. पायांना चिकटलं होतं. नावेतल्या प्रत्येक भाटवडेकरानं ते पाहिलं आणि प्रत्येकानं बाईंच्या कपाळावरचं कुंकू तितक्याच एकाग्रतेनं पाहायला सुरुवात केली.

मल्लाहाला कसले नियम घातलेले नव्हते. "बहिनजी, ऊ पंडितजी बुलावत हउवन," तो म्हणाला.

"बकुळ, सा लाव," बाई म्हणाल्या.

बकुळनं सा लावला. मागून सगळ्यांनी उचलला. गंगेवर बाईंनी स्वतः बांधलेलं गीत होतं, भूपात, आणि नावेतून ते बरंच मोठं ऐकू येत होतं. शिवरामभावोजी शिंदे घाटापर्यंत ओरडत आले. तिथल्या कललेल्या देवळाशी त्यांचा दम संपला असावा. पुढे मणिकर्णिकेवर रोजच्यासारख्या चिता जळत होत्या. मुलांनी तिकडे पाहिलं नाही, पण बनारसची मुलं एरवीही मुद्दाम पाहत नाहीत. बाईंचा हात मात्र तिथे जरा जास्त ठळकपणे ताल देत होता.

"सबेरे सबेरे बढ़िया गवलू," उतरवून देताना मल्लाह म्हणाला. त्या दिवसातली तेवढीच दाद त्यांना वेळेत मिळाली.

सभागृह दशाश्वमेधाच्या रस्त्यावर होतं. नीलकंठराव दारात उभे होते. "बाई, तात्यांची तब्येत—"

"रांगेत आहोत, सर," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

प्रत्येक शाळेला सात मिनिटं होती. आमच्या शाळेचा पुकारा झाला. मुलं चढली, दोन्ही पायांवर वजन देऊन उभी राहिली. बाई प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. गीत सुरू झालं आणि सुरेख झालं. नागपूरचा सा आणि रामघाटचा खर्ज एकमेकांत असे बसले की पुढच्या रांगेतल्या परीक्षकांपैकी एकानं पेन्सिल खाली ठेवली. शेवटची ओळ आली, संपली. आता बाईंनी मान लववायची, टाळ्या घ्यायच्या आणि सगळं आयुष्य मार्गी लागायचं.

बाईंनी मान लववली नाही. त्यांना मुलांच्या चेहऱ्यांत काहीतरी दिसलं. सगळ्यांची नजर त्यांच्यावरच होती, नको तितकी. मधल्या वाटेनं शिवरामभावोजी येत होते. सायकलरिक्षानं आले असावेत. धोतर अजून दमट होतं आणि थंडीनं ते कुडकुडत होते, त्यामुळे चेहरा होता त्यापेक्षा गंभीर दिसत होता.

"वहिनी," ते म्हणाले.

बाईंनी हात वर केला. बकुळनं क्षणभर पाहिलं आणि पुन्हा पहिला सा धरला.

गीत मुळापासून सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात घंटा वाजली. तिसऱ्यात परत वाजली. "समय हो गया, बहनजी," अध्यक्ष म्हणाले. बाईंना ऐकू आलं नाही, आणि मुलांना तर फक्त बाईंचंच ऐकू येत होतं. "बहनजी! बच्चों, बस!" एकही मूल हललं नाही. मागच्या रांगेच्या टोकाला एक अंगठा तेवढा चालू होता.

शेवटची ओळ दुसऱ्यांदा संपली तेव्हा शिवरामभावोजी रंगमंचावर पोचले होते. आता हात वर करायला जागाच उरली नव्हती. बाईंनी डोळे मिटले.

"वहिनी," धापा टाकत ते म्हणाले, "तात्यांचा निरोप आहे. सकाळी उठून बसलेत. वाटीभर पेज प्यालेत. म्हणाले, तिला जाऊन सांग, मी ठणठणीत आहे, निवांत गा."

बाईंनी डोळे उघडले.

"आणि हे धोतर?" बाईंनी विचारलं.

"मी गंगेत होतो. तात्या म्हणाले, असाच जा, वेळ घालवू नकोस. आता वडीलधाऱ्यांची आज्ञा."

"हे घाटावरून ओरडून सांगता आलं नाही?"

"ओरडतच होतो, वहिनी! तुम्ही सा लावलात."

बाईंनी मुलांकडे पाहून मान लववली. मुलं रांगेनं उतरली.

वेळेचा नियम मोडल्याबद्दल आमची शाळा स्पर्धेतून बाद झाली. अध्यक्षांनी भाषणात आमच्या मुलांचा मात्र खास उल्लेख केला. असा अनुशासनबद्ध वृंद आपण पाहिला नाही, म्हणाले. आपण स्वतः थांबवत होतो तरी थांबला नाही. ढाल दुसऱ्या शाळेला गेली. त्यांच्या मुलांनी गाताना आयांना हात केले होते.

"बाई, एकदाच गायचं होतं हो," परतताना नीलकंठराव म्हणाले.

"एकदाच गायलो, सर. मी मान लववली नव्हती."

संध्याकाळी बाई तात्यांकडे गेल्या. खडीसाखर नेली नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिवरामभावोजींना खोलीबाहेर पाठवलं आणि म्हणाले, "चूक माझी. निरोप द्यायला दुसरा माणूस धाडायला हवा होता. पण तो आला की बातमी वाईटच असते अशी तुम्हा लोकांची खात्री. म्हटलं, एकदा त्यालाही चांगली सांगू दे." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ते गाणं मला ऐकता येईल का?"

"तुम्ही बरे व्हा. शाळेत निरोपसमारंभ आहे माझा, तेव्हा मुलं गाणार आहेत. पालखीतून नेऊ."

"बघू," तात्या म्हणाले.

निरोपसमारंभ परीक्षा संपल्यावर, शाळेच्या चौकात झाला. तात्या आले नव्हते. उन्हाळा त्यांना सोसत नव्हता. नीलकंठरावांनी भाषण केलं. त्यात शिस्त हा शब्द इतक्या वेळा आला की बाई दोनदा सावरून बसल्या. शाल, नारळ व्हायचे होते. त्याआधी वृंदगान. बाईंची खुर्ची मधोमध ठेवली होती, मुलांकडे तोंड आणि शाळेच्या दाराकडे पाठ. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच बसून ऐकणार होत्या. हात कुठे ठेवावे हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ते मांडीवर सरळ ठेवले.

ताल द्यायला समोर कुणी नव्हतं. बाईंनी बकुळला सांगून ठेवलं होतं: तू सुरू कर, तू मान लवव. एकदाच गायचं. दोनदा गाण्याचं आता काही कारण नाही.

गीत सुरू झालं. सभागृहातल्यासारखंच झालं, किंवा थोडं अधिक चांगलं, कारण घंटा नव्हती. श्रीनिवासची मान सुटली होती आणि सुरांबरोबर खुशाल वर-खाली होत होती. बाईंनी ते पाहिलं आणि काही केलं नाही.

शेवटच्या कडव्यात शाळेच्या दारात शिवरामभावोजी येऊन उभे राहिले. धोतर ओलं होतं. या वेळी ते धावत आले नव्हते आणि ओरडतही नव्हते. उंबऱ्याच्या बाहेरच, दोन्ही हात जोडून, खाली बघत थांबले होते. धोतराच्या काठावरून पाणी दगडावर ठिबकत होतं.

बाईंना ते दिसत नव्हतं. मुलांना समोर दिसत होतं. श्रीनिवासची मान मध्येच थांबली, पण शब्द चुकले नाहीत. एकाही मुलानं दाराकडे बघितल्यासारखं केलं नाही. नियम होता, नजर बाईंवर. शेवटची ओळ संपली. आता बकुळनं मान लववायची होती.

बकुळनं मान लववली नाही. तिचं भाटवडेकरांशी काही नातं नव्हतं आणि तिला कुठलंच सुतक लागणार नव्हतं. तिनं बाईंकडे पाहत पुन्हा पहिला सा धरला. मागून सगळ्यांनी उचलला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग ती हळूहळू गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवले आणि मुलांकडे पाहत राहिल्या.

नीलकंठरावांनी दाराकडे पाहिलं, शिवरामभावोजींना पाहिलं, मुलांना पाहिलं. शिवरामभावोजी नियमाचे माणूस; पण ते उंबरा ओलांडत नव्हते. गीत दुसऱ्यांदा संपलं आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. हातातली शाल सावरत नीलकंठराव बाईंच्या खुर्चीकडे वाकले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "थांबवू का मुलांना?"

"सर," समोरून नजर न काढता बाई म्हणाल्या, "रांगेत बोलायचं नसतं."